वळिवड्याची वाट

पहिल्या कम्युनियनचा दिवस जवळ येऊ लागला, की आमच्या गावी पांढऱ्या कापडाची चर्चा सुरू होते. सगळ्या घरांची ऐपत सारखी नसते. एका मुलाच्या अंगावर नवा कोरा, तलम सदरा आणि त्याच्या शेजारच्या मुलाच्या अंगावर थोरल्या भावाचा, धुऊन धुऊन पिवळा पडलेला, असे वेदीसमोर दिसू नये, म्हणून गेली काही वर्षे आम्ही सर्व मुलांसाठी एकाच ताग्याचे कापड आणतो व गावच्या शिंप्याकडून शिवून घेतो. यंदा ते कापड घाऊक भावात मिळावे, म्हणून कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या पेठेस जावयाचे ठरले. आमचे गाव बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, खानापूरच्या रानाजवळ. तेथून गांधीनगर म्हणजे जाऊन-येऊन पुरा एक दिवस.

गावातील एका गृहस्थांचा लहानसा टेम्पो आहे. ते म्हणाले, "फादर, मलाही थोडा माल आणायचाच आहे, माझ्याच गाडीतून जाऊ." त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा, यंदा पहिली कम्युनियन घेणाऱ्यांपैकी एक. "त्यालाही बरोबर घ्या," असे मी मुद्दाम म्हटले. पोराला आनंद झाला. मी त्याला का नेत आहे, हे मात्र त्यास ठाऊक नव्हते. वाचकांस ते आधी सांगितले पाहिजे.

तीन महिन्यांपूर्वी आमच्या गावी एक नवे कुटुंब आले. गावाबाहेर काजूचा कारखाना आहे. तेथे रात्रीच्या राखणीस नेपाळातून आलेला एक मनुष्य लागला. बायको, आठ वर्षांची मुलगी आणि एक तान्हे मूल, असा त्याचा संसार. ह्या टेम्पोवाल्यांच्या घराला लागून असलेली एक खोली त्यांनी भाड्याने घेतली. भारत व नेपाळ यांच्यात १९५० साली झालेल्या मैत्रीच्या तहामुळे नेपाळच्या माणसास येथे राहावयास व काम करावयास आडकाठी नाही. परंतु तह दोन सरकारांत होतो. सार्वजनिक नळावर तो कोणी वाचून दाखवीत नाही.

एके दिवशी सकाळची मिस्सा आटोपून मी परत येत होतो. नळावर ती मुलगी कळशी लावून उभी होती. पाच-सहा मुले तिच्याभोवती फेर धरून, बोटांनी डोळ्यांचे कोपरे ताणून "चिनी, चिनी" असे ओरडत होती. त्यांत पुढारी होता तो हाच आमचा वेदीसेवक. कुणाचा तरी पाय लागून कळशी कलंडली, पाणी सांडले, आणि पोरांत हशा पिकला. ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने कळशी उचलली, विसळली आणि रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली.

मी त्या मुलास बाजूला घेऊन विचारले, "तिने तुझे काय वाईट केले?"

तो खाली पाहत म्हणाला, "काही नाही, फादर. पण ती आपली नाही."

हे उत्तर उर्मटपणाचे नव्हते, म्हणूनच मला त्याचे अधिक वाईट वाटले. जे त्याला खरोखर वाटत होते, तेच तो सांगत होता. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ह्या मुलास तोंडपाठ होती. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती त्याने न अडखळता सांगून दाखविली होती. पण ती गोष्ट त्याच्या मनात यरुशलेमच्या वाटेवरच राहिली होती. आमच्या नळापर्यंत आली नव्हती. पुन्हा तीच सांगून काय उपयोग? आणि जबरदस्तीने क्षमा मागावयास लावले, तर तो मागेल आणि त्या मुलीचा राग मनात धरील, अशीही मला भीती वाटली. तेवढ्यात गांधीनगरची खेप ठरली, आणि गांधीनगरला लागूनच वळिवडे आहे, हे मला आठवले.

पहाटेच्या अंधारातच आम्ही निघालो. बेळगावातून जाताना मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जवानांची दौड चालली होती. मुलगा खिडकीतून डोके बाहेर काढून पाहू लागला. त्याच्या पणजोबांच्या वेळी ह्याच पलटणीचे जवान दुसऱ्या महायुद्धात पार इटलीपर्यंत गेले होते, हे मी त्यास सांगितले. त्यांतील नायक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी तेथेच धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच सुमारास, त्याच सैन्याच्या दुसऱ्या एका तुकडीत पोलंड देशाचे शिपाई लढत होते.

"आणि गंमत अशी," मी म्हणालो, "की त्या पोलिश शिपायांपैकी कितीएकांच्या बायका-मुले त्या वेळी आपण आज जातो आहोत, तेथे राहत होती."

"कोल्हापुरात? पोलंडची माणसे?" त्याने विचारले. त्याचे वडीलही गाडी चालविता चालविता माझ्याकडे पाहू लागले. मग संकेश्वर येईपर्यंत आणि पुढे तवंदीचा घाट चढेपर्यंत मी त्यांना ती हकीकत सांगितली.

१९३९ सालच्या सप्टेंबरात पोलंडवर दोन्ही बाजूंनी घाला आला. १ तारखेस पश्चिमेकडून जर्मनीने आणि १७ तारखेस पूर्वेकडून रशियाने. पूर्व भाग रशियाच्या ताब्यात गेला, आणि फेब्रुवारी १९४० पासून तेथील कुटुंबेच्या कुटुंबे उचलून सायबेरियात व कझाकस्तानात पाठविण्यात आली. रात्री दार ठोठावले जाई. थोडेसे सामान बांधावयास थोडासा वेळ मिळे. मग गुरांच्या डब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास. तेथे थंडीने, उपासमारीने व आजारांनी किती माणसे गेली, त्याचा नीट हिशेब अजूनही लागलेला नाही. पुढे १९४१ साली जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा ह्या लोकांची सुटका झाली. १९४२ साली एक लाखाहून अधिक पोलिश माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. धडधाकट पुरुष सैन्यात गेले. उरल्या बायका, म्हातारी माणसे आणि पोरे. त्यांना ठेवावयाचे कोठे?

त्यांतील काही आपल्या देशात आली. काठेवाडात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी वसतिस्थान उघडले. त्यांत पुष्कळ अनाथ होती. आणि १९४३ साली कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, वळिवडे गावाजवळ, त्याहून पुष्कळ मोठी वसाहत उभी राहिली. इराणातून जहाजाने कराची आणि कराचीहून पुढे इकडे, अशा वाटेने ही माणसे आली. सुमारे ५,००० लोक तेथे राहिले. बालाचडीची वसाहत बंद झाल्यावर तेथील पुष्कळ मुलेही वळिवड्यासच आली.

"ती सगळी कॅथलिक होती?" मुलाने विचारले.

"बहुतेक सगळी. त्यांचे तेथे चर्च होते, त्यांचे धर्मगुरू होते. पण वळिवड्याचे गावकरी काही कॅथलिक नव्हते. एवढेच नव्हे, तर असली माणसे त्यांनी जन्मात पाहिली नव्हती."

तो थोडा वेळ गप्प बसला. संकेश्वरला हिरण्यकेशी मागे पडली होती. निपाणीचा तंबाखूचा मुलूख ओलांडून यमगर्णीजवळ वेदगंगा लागली, आणि कोगनोळीच्या नाक्यापुढे आमचे कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू झाला. मुलाने सीमेविषयी घरात पुष्कळ ऐकलेले. तो म्हणाला, "फादर, सीमा कुठं आहे?"

"मागे गेली."

त्याने वळून पाहिले. रस्त्याच्या दोन्ही अंगांस ऊस होता. मागेही तोच, पुढेही तोच. "काही दिसत नाही," तो म्हणाला, आणि त्याची थोडी निराशाच झाली.

कागलची दूधगंगा ओलांडून, तावडे हॉटेलाच्या चौकात उजवीकडे वळून आम्ही गांधीनगरच्या पेठेत शिरलो. ज्यांनी ही पेठ पाहिली नाही, त्यांस तिची कल्पना देणे कठीण. दुकानास दुकान लागलेले. साड्या, सदऱ्यांचे कापड, चादरी, पडदे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, कोकण, सगळीकडचे लहान दुकानदार गाठोडी बांधून घेऊन चाललेले. एका प्रौढ सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानात आम्ही बसलो. पांढऱ्या कापडाचा तागा उलगडला गेला, भावाची थोडी ओढाताण झाली, चहा आला. त्यांची मराठी अगदी कोल्हापुरी वळणाची. मी सहज विचारले, "शेठ, तुमचे मूळ घराणे कुठले?"

"सिंधमधलं. पण मी इथलाच. इथंच जन्मलो." आणि मग त्यांनी जे सांगितले, ते मुलगा कान देऊन ऐकत होता.

१९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधील हिंदू कुटुंबे घरदार सोडून निघाली. पुष्कळांनी कराचीच्या बंदरावर जहाज धरले व ती मुंबईस उतरली. त्यांना ठेवण्यासाठी सरकार ठिकठिकाणी जागा शोधीत होते. इकडे वळिवड्याची पोलिश वसाहत १९४८ साली मोडली. ती माणसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत पांगली. काही मायदेशी परतली. रिकाम्या झालेल्या त्या बराकी सिंधी निर्वासितांना मिळाल्या, आणि त्या वस्तीचेच पुढे गांधीनगर झाले.

"माझी आई सांगायची," शेठ म्हणाले, "की पहिल्या रात्री ती फार रडली. शेजारच्या गावातली एक बाई कळशीभर पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, 'रडू नकोस बाई, तुझ्या आधी इथं गोऱ्या बायका राहायच्या, त्याबी पहिल्यांदा अशाच रडायच्या. मग राहिल्या.' आईला त्या बाईची भाषा तेव्हा कळली नाही; नंतर मराठी आल्यावर कळली. पण कळशी कळली."

मुलाने माझ्याकडे पाहिले व लगेच मान वळविली. मी काहीच बोललो नाही. कळशीचा विषय मी काढला नव्हता, आणि आता काढण्याची गरजही नव्हती.

कापड गाडीत घालून आम्ही वळिवड्याकडे निघालो. गांधीनगर संपते कोठे आणि वळिवडे सुरू होते कोठे, हे परक्या माणसास कळत नाही. मिरजेहून कोल्हापुरास जाणाऱ्या रेल्वेचे वळिवडे हे एक लहानसे स्टेशन आहे. पलीकडे पंचगंगा. त्या काळी येथे कौलारू बराकींच्या रांगा होत्या. प्रत्येकीस पुढे पडवी होती, आणि पोलिश बायकांनी पडव्यांपुढे फुलझाडे लावली होती. प्राथमिक व माध्यमिक शाळा, रुग्णालय, नाटकघर, बालवीरांची पथके, सर्व काही ह्या माळावर होते. पंचगंगेत ती मुले पोहत. आता बराकी शोधाव्या लागतात. घरे, दुकाने व रस्ते यांनी माळ भरून गेला आहे. गावात २०१९ साली उभारलेला स्मृतिस्तंभ मात्र आहे. त्या प्रसंगी येथे बालपण काढलेली काही पोलिश माणसे, आता पिकल्या केसांची, मुद्दाम आली होती. कोल्हापुरात महावीर उद्यानातही असेच एक स्मारक १९९८ सालापासून आहे. इतकेच नव्हे, पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट १९२४ नव्हे, अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२४ मध्ये, आपल्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन पुष्पचक्र वाहिले.

स्तंभ पाहून आम्ही परतत होतो. एका घराच्या कट्ट्यावर एक वृद्ध गृहस्थ उन्हाला बसले होते. नव्वदीला टेकलेले, डोक्याला पटका, हातात काठी. माझा पांढरा झगा पाहून त्यांनी हाक मारली, "या पाद्रीबाबा, बसा. पोलंडवाल्यांचं बघाया आला जनू?"

आम्ही बसलो. मुलास त्यांनी जवळ ओढून घेतले. मी म्हटले, "आजोबा, तुम्हांला ती माणसे आठवतात का?"

"न आठवाया काय झालं? तवा मी ह्या पोराएवढा हुतो. आमचं दूध जायाचं त्यास्नी. रोज आयसंगट मी जायाचो. पोरं कशी? पांढरीफेक, केस कणसाच्या तुऱ्यागत. आमी आधी भ्यालो. मग भ्या मोडलं, तशी टिंगल सुरू झाली. त्यांच्यात भेटलं की 'जेन दोब्री' म्हनायची चाल. म्हंजे आपला रामराम. आमी पोरं त्यांच्या मागं मागं 'जेन दोब्री, जेन दोब्री' करून वाकुल्या दावायचो. बक्कळ हसायचो."

मुलाची मान खाली गेली होती. आजोबांच्या ते ध्यानात आले नाही. ते आपल्या नादात सांगत होते.

"एकदा आय आजारी हुती. मी एकलाच दूध घिऊन गेलो. पायरीवर ठेच लागली आन् सगळं दूध भुईला. समूर ती पोरं उभी. मनात म्हनलं, आता ही हसत्यात बघ. आपुन त्यास्नी हसलो, आता ती आपल्याला हसत्यात. पर एक पोरगा हुता, माझ्याच वयाचा, त्यो पळत आत गेला आन् आपल्या आयला बोलावून घिऊन आला. त्या बाईनं माझा गुडघा धुतला. आन् सांडल्या दुधाचे सगळे पैसे दिले. एक पैसा कमी न्हाई. त्या पोरानं रिकामं भांडं माझ्या डोक्यावर ठिवून दिलं. मला जेन दोब्री म्हनला. आता मी काय म्हनू? मीबी जेन दोब्री म्हनलो. त्या दिशी पहिल्यांदा नीट म्हनलो."

"मग तुमची दोस्ती झाली?" मुलाने विचारले.

"झाली की. नदीला संगट जायाचो. त्यो मला पवायला लागला की हाक मारायचा, 'ए!' मीबी त्याला 'ए!' म्हनायचो. पाच वर्सं अशीच गेली. आन् मग ती लोकं निघाली. स्टेशनात ही गर्दी. मी गेलो बघाया. गाडी भरल्याली, खिडकीखिडकीतनं डोकी भाईर. त्यो कुठल्या डब्यात हाय, दिसंना. म्हनलं हाक मारावी. पर हाक काय मारू? नाव कुठं ठावं हुतं! 'ए' म्हनून वरडलो, तर सगळी गाडीच माझ्याकडं बघाया लागली." आजोबा हसले, आणि मग हसावयाचे थांबले. "नाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं बघा. इतकी वर्सं झाली. पुढं तिकडनं माणसं आली बघाया, तवा मी गेलो हुतो. पर कुनाला काय इचारू? कोन हाय म्हनून सांगू?"

थोड्या वेळाने आम्ही उठलो. मुलाने त्यांच्या पाया पडून निरोप घेतला. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते.

परतीच्या वाटेवर तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटले, झोपला असेल. दूधगंगेच्या पुलावर त्याने एकाएकी विचारले, "फादर, त्या मुलीचे नाव काय?"

कोणत्या मुलीचे, हे विचारण्याची गरज नव्हती. मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, आणि मला आढळून आले, की मला ते ठाऊक नाही. मी त्याच्या वडिलांकडे पाहिले. त्यांची भिंत त्या कुटुंबाच्या भिंतीस लागून. ते म्हणाले, "नाही बुवा. आम्ही गुरखा म्हणतो. गुरख्याची पोर."

"तुम्ही त्यांच्या घरी गेला नाहीत, फादर?" मुलाने विचारले. त्याने आरोप म्हणून विचारले नव्हते. आमच्या गावी मी प्रत्येक कॅथलिक घरी वर्षातून निदान एकदा आशीर्वाद देण्यास जातो, हे तो जाणून होता. ते घर माझ्या वहीत नव्हते, म्हणून मी गेलो नव्हतो. त्याच गल्लीत तीन महिन्यांत दहा-बारा वेळा माझे जाणे झाले होते, आणि त्या दारावरून मी दर वेळी पुढे गेलो होतो. नळावर मुलाने मला सांगितले होते, "ती आपली नाही." मी तसे म्हटले नव्हते एवढेच.

"नाही गेलो," मी म्हणालो. "चूक झाली. आज जाऊ या."

तवंदीचा घाट उतरताना त्याचे वडील आपण होऊनच बोलू लागले. त्यांचा धाकटा भाऊ कुवेतला नोकरीस आहे. पहिल्या वर्षी तो फोनवर सांगे, की येथे मला कोणी नावाने हाक मारीत नाही. सगळे "हिंदी" म्हणतात. "तेव्हा आम्हांला फार वाईट वाटायचे," ते म्हणाले, आणि पुढे गाव येईपर्यंत ते गप्प होते. आपल्यापैकी किती घरांतील माणसे आज गोव्यात, मुंबईत, आखातात परक्या दारांशी उभी आहेत, याचा हिशेब वाचकांनी आपापल्या घरी करावा.

गावी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. कापड शाळेच्या खोलीत ठेवून आम्ही तिघे त्या घरी गेलो. दार उघडेच होते. तो मनुष्य कारखान्यावर जाण्याच्या तयारीत होता. आम्हांस पाहून घाबरला. काही तक्रार आहे, असे त्यास वाटले असावे. टेम्पोवाले म्हणाले, "शेजारी आहे मी. भेटायला आलो." ते दोघे तीन महिने भिंतीला भिंत लावून राहत होते.

चहा झाला. मुलगी कोपऱ्यात, आईच्या आड बसून होती. तिच्या पुढ्यात एक फाटके पुस्तक होते, तिकडच्या शाळेचे, पहिल्या इयत्तेचे. आमच्या मुलाने लांबूनच मान तिरकी करून ते पाहिले, आणि तो चकित होऊन म्हणाला, "फादर, हे तर मला वाचता येते!"

नेपाळी भाषा आपल्या मराठीप्रमाणेच देवनागरीत लिहितात, हे त्यास ठाऊक नव्हते. तो पुढे सरकला आणि चित्रांखालचे शब्द बोट ठेवून वाचू लागला: नाक. कान. हात. दूध. भात. घर. प्रत्येक शब्दानंतर तो थांबे आणि चित्राकडे पाही. अर्थही तोच निघे. "मेरो घर" असे एके ठिकाणी होते. त्यातील "मेरो" तेवढे त्यास अडले, ते तिने सांगितले. तिचा आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग त्याने आपले नाव सांगितले आणि तिचे विचारले. तिने सांगितले. पहिल्यांदा त्यास ते नीट जमले नाही. तिने पुन्हा सांगितले. तिसऱ्या खेपेस जमले, तेव्हा तिची आई हसली.

कळशीविषयी तो तेथे काही बोलला नाही, आणि मीही त्यास बोलावयास लावले नाही. सोमवारी सकाळी मी नळावरून मुद्दाम गेलो. पोरांनी नेहमीप्रमाणे "चिनी" म्हणून सुरुवात केली. आमचा वेदीसेवक गप्प उभा होता. त्याच्या तोंडावर लाजही होती आणि भीतीही. आपल्या सोबत्यांविरुद्ध बोलणे मुलास किती कठीण जाते, हे आपण मोठी माणसे विसरून जातो. त्या दिवशी तो बोललाच नाही. मंगळवारी मात्र रांगेत तिचा नंबर आला असता दुसऱ्याने घागर पुढे सारली, तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "थांब, तिचा नंबर आहे," आणि त्याने तिचे नाव घेतले. दोघे-तिघे हसले. त्याने ते नाव पुन्हा घेतले. आठवडाभरात बाकीच्यांच्याही तोंडी ते नाव बसले. एकाने अजून हट्ट सोडलेला नाही, पण तो एकटा पडला आहे.

पांढरे सदरे आता शिवून होत आले आहेत. शिंपी म्हणतो, कापड चांगले निघाले. त्या दिवशी रात्री मी माझी घरभेटीची वही काढली आणि त्या गल्लीच्या पानावर, दोन घरांच्या मधल्या कोऱ्या जागेत, चार नावे लिहिली. ती माणसे आपल्या धर्माची नाहीत आणि आपल्या धर्मात यावीत म्हणूनही ती लिहिली नाहीत. पुन्हा त्या दारावरून पुढे जाऊ नये, एवढ्यासाठी लिहिली. मुलीचे नाव मी येथे छापीत नाही. ते आमच्या गावास ठाऊक झाले, तेवढे पुरे.

वाचकहो, आपल्याही गावी असे एखादे घर असेल. वीटभट्टीवरचे, हॉटेलातले, बागेतल्या खोलीतले. येत्या रविवारी मिस्सेनंतर घरी परतताना, मुलांना बरोबर घेऊन, त्या दारी पाच मिनिटे थांबावे व नाव विचारावे. वळिवड्याच्या आजोबांनी आम्हांस निरोप देताना मुलाच्या हातावर एक पेरू ठेवला होता. तो त्याने वाटेत खाल्ला नाही. त्या संध्याकाळी तो त्याने तिच्या हातावर ठेवला. तिने तो चिरून आणला, आणि आम्ही सर्वांनी त्याची एक एक फोड खाल्ली.